मदत हवी आहे: डिंगो स्काउट कारचे पितळी पार्ट आणि पावसाळ्यातला रंग

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. सध्या मिनीआर्ट कंपनीचं डेमलर डिंगो या टेहळणी गाडीचं १/३५ (खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं) प्लास्टिक मॉडेल किट करायला घेतलंय. ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश गाडी मला फार आवडते, माणसं दोनच, पुढं ५ गिअर आणि रिव्हर्सलाही ५, शत्रू दिसला की गाडी न वळवता तशीच सुसाट मागं, म्हणून तर ड्रायव्हरची सीटपण जरा तिरकी बसवलेली, मागं वळून बघता यावं म्हणून.

आता अडचण. फोटोएचचे (रसायनानं कोरून काढलेल्या पातळ पत्र्याचे) पितळी पार्ट तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान आहेत, सुपरग्लू लावला की भोवती पांढरी धुरकट कडा उठते. वाकवायच्या आधी गॅसवर तापवून मऊ करून घ्यावेत का, की इतके पातळ पार्ट जळतील?

दुसरं म्हणजे वाळवंटी लाइट स्टोन रंग एअरब्रशनं मारायचाय, पण इथं पावसाची झड लागलीय, हवा नुसती दमट. लॅकर (पटकन वाळणारा थिनरचा रंग) अशा हवेत पांढरट पडतो म्हणे, मग रिटार्डर (रंग हळू वाळावा म्हणून घालतात ते) किती घालायचा की सरळ अ‍ॅक्रिलिकच वापरू? सांगली-मिरज-कोल्हापुरात चांगला थिनर कुठं मिळतो तेही सांगा प्लीज, गाडी नीट व्हावी एवढीच इच्छा आहे.