घरबसल्या सापडलेलं सुख: तुमचे अनुभव लिहा

गडकिल्ले आणि परदेशवाऱ्या यांच्यावर आपण भरभरून लिहितो. हा धागा उंबरठ्याच्या आतला. कुंडीत काय फुललं, खिडकीत कोण येऊन बसलं, भट्टीतून, ओव्हनमधून किंवा कुकरमधून काय निघालं, ते लिहा. अट एकच: विकत आणलेलं नको आणि मुद्दाम प्रवास करून बघितलेलं नको. दोन ओळीही चालतील. तक्रारीही चालतील, पण खुसखुशीत हव्यात. सुरुवात मीच करते.

पुणे, दुसरा मजला

गॅलरीत कढीलिंब आहे. श्रावणात त्याची पानं कडेने कुरतडलेली दिसायला लागली. नीट बघितलं तर पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली, आणि ती विष्ठा चालत होती! कॉमन मॉरमॉन फुलपाखराचा सुरवंट लहानपणी असाच दिसतो, म्हणजे पक्षी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठा झाला की हिरवागार होतो. मुलीने काडीने हळूच डिवचलं, तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. कढीलिंब लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे या मंडळींना तो घरचाच वाटतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंतही याच गोतावळ्यातलं, त्याचे सुरवंटही लिंबावर वाढतात.

झाड निम्मं बोडकं झालं. सासूबाई आता फोडणीसाठी भाजीवालीकडून कढीलिंब आणतात आणि तिला सांगतात, "घरचं झाड आहे गं, पण ते पाहुण्यांसाठी ठेवलंय." कोष फांदीला कमरेभोवती रेशमाचा दोरा बांधून तिरपा टेकलेला असतो. एका सकाळी तो फुटला. ओले, चुरगळलेले पंख घेऊन ती बया बराच वेळ लटकून राहिली, तोपर्यंत आमच्यापैकी कोणीही डबा भरला नाही. मादी होती, पंखांवर लाल ठिपके. विषारी कॉमन रोझ फुलपाखराची नक्कल करून ती पक्ष्यांना फसवते, हे मुलीने मला ऐकवलं. शाळेला उशीर झालाच.

डोंबिवली

आमच्या ग्रिलला कपडे वाळत घालायची तार आहे. तिच्या टोकाला जांभळ्या शिंजिराच्या मादीने घरटं टांगलं. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, कसलीशी काटकी, वाळका पाचोळा, सगळं एकत्र चिकटवून केलेली लोंबती पिशवी, आणि दारावर छोटीशी पडवी. लांबून बघणाऱ्याला वाटेल, कचरा अडकलाय. बांधकाम, अंडी उबवणं सगळं तिच्याकडे. नवरा उन्हात चमकत समोरच्या वायरवर बसून ओरडायचा. पिल्लांना भरवायला मात्र येत होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. आईचं आयुष्य घरातली जाळी काढण्यात गेलं. हल्ली ती गॅलरीच्या कोपऱ्याला झाडू लावू देत नाही, "तिला लागतात." कपडे महिनाभर हॉलमध्ये वाळले.

कुडाळ

बेकिंग म्हटलं की सगळे ओव्हनकडेच का बघतात? आमच्याकडे गणपतीच्या आगेमागे परड्यातल्या मांडवावर तवसं, म्हणजे मोठी काकडी, पिकून पिवळंजर्द होतं, बाळाएवढं जड. आमचा केक म्हणजे त्याचं धोंडस. तवसं फोडलं की घरभर वास. बिया काढून किसायचं, पिळून पाणी बाजूला ठेवायचं, पण फेकायचं नाही, रवा त्याच पाण्यात शिजतो. तांदळाचा रवा तुपावर भाजायचा, वास सुटला पाहिजे पण रंग बदलता कामा नये. मग तवशाचं पाणी, कीस, गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, हळद, वेलची. गोळा होईपर्यंत आटवायचं. जाड बुडाच्या टोपात केळीचं पान घालून त्यावर मिश्रण थापायचं, वर काजू.

खरी गंमत पुढे. चुलीतली लाकडं बाहेर ओढायची, फक्त निखारे ठेवायचे. टोपावर ताट, ताटात पण निखारे. आजी म्हणायची, "खालसून आणि वरसून आग व्हयी, पण घाय नको." घाई केली तर बूड करपतं आणि मध्ये गिच्च राहतं. आजीला घड्याळ लागायचं नाही, ताट उचलून वासावरून ठरवायची. धोंडस गरम कापायचं नसतं, दुसऱ्या दिवशी त्याची वडी नीट पडते. पण कडेचा खरपूस, गूळ जळून काळसर झालेला भाग दुसऱ्या दिवसापर्यंत कधीच टिकत नाही. त्यावरून आम्हा चुलत भावंडांची भांडणं व्हायची, आता आमच्या पोरांची होतात. गॅसवर, जाड तव्यावर टोप ठेवूनही होतं. बरं होतं. तेवढंच.

गुहागरजवळ

वरचे अनुभव वाचून हेवा वाटला. आमच्याकडे पाहुणे म्हणजे वानरं, आणि ती मुक्कामालाच असतात. पपई, शेवग्याची फुलं, भोपळ्याचे कोंब, कौलं, काही सोडत नाहीत. नारळावर शेकरू येतो. तो राज्यप्राणी असल्यामुळे त्याला बोलायची सोय नाही. पण खरं सांगू? तांबूस पाठ आणि झुपकेदार शेपूट घेऊन तो या माडावरून त्या फणसावर झेपावतो तेव्हा बाबा शिव्या अर्धवट टाकून बघत बसतात.

नागपूर

इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि मोगऱ्याला तेव्हाच ऊत येतो. संध्याकाळी कूलरच्या ताटीवर पाणी सोडलं की वाळ्याचा वास आणि खिडकीतल्या मोगऱ्याचा वास एकत्र घरात येतात. कूलरच्या मागे जिथे पाणी ठिबकतं तिथे बुलबुल, साळुंक्या आणि एक खार यांची रांग असते. खार नंबर लावत नाही.

सातारा

ब्रह्मकमळाचं कोणीच कसं लिहिलं नाही? कळी पानाच्या कडेतून लोंबते आणि देठ वर वळला की समजायचं, आज रात्री. आम्ही वाड्यात दुपारीच निरोप देतो. आठ-नऊला पाकळ्या सुटायला लागतात, मध्यरात्रीपर्यंत ताटलीएवढं फूल, आणि उजाडताना मान टाकलेली. तेवढ्या वेळात चहाच्या दोन फेऱ्या, कोणाच्या तरी मुलीच्या स्थळाची चर्चा, आणि दरवर्षी एक काका सांगणारच, "खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, हे मेक्सिकोकडचं निवडुंग आहे." बरोबर आहे काका, चहा घ्या. जाताना ज्याला हवं त्याने एक पान तोडून न्यायचं. मातीत खोचलं की लागतं, फूल यायला मात्र दमाने घ्यावं लागतं.

न्यू जर्सी

गणपतीला घरची लाल जास्वंद वाहता यावी एवढाच हट्ट. कुंडी ऑक्टोबरच्या थंडीआधी आत आणि मेमध्ये बाहेर. जास्वंदीची आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत. हरणं कोवळे शेंडे खातात, म्हणून कुंडी डेकवर उंच ठेवली. तिथे हमिंगबर्ड सापडला! एक भाग साखर, चार भाग पाणी असं सरबत टांगलंय, रंग अजिबात घालत नाही. सप्टेंबरमध्ये तो मध्य अमेरिकेच्या वाटेला लागतो, साधारण आपल्या विसर्जनाच्याच सुमाराला. नवरा दोघांनाही "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतो.

जळगाव

ओव्हन नसलेल्यांनी कुठे जायचं, असं विचारणार होते, पण धोंडस वाचून धीर आला. आमचा रव्याचा केक कुकरमध्ये होतो. रवा, दही, साखर, तेल, थोडं दूध अर्धा तास मुरवायचं. सोडा अगदी शेवटी. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना करते, कारण वासाने कोण आधी उठतं त्यावर आमच्याकडे पैज असते. अजून तरी सासरेच जिंकतात.

पुणे, दुसरा मजला

जळगाव, शिट्टी काढायची की ठेवायची?

जळगाव

शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचे, कुकरात पाणी घालायचं नाही. तळाशी जाड मीठ पसरून आधी दहा मिनिटं तापवा, वर जाळी, जाळीवर डबा, गॅस बारीक. मीठ गार झाल्यावर बरणीत भरून वर "केक" अशी चिठ्ठी लावा, नाहीतर कोणीतरी वरणात घालतं.