भाचीला घरच्यांनी ‘आला’ म्हणायचं की ‘आली’?

दर्यापूरकडची आत्या:
माझ्या भावाचं लेकरू, मुलगा म्हणून वाढलेलं, नागपूरला शिकायला होतं. दिवाळीत घरी आली ती साडी नेसून, नवं नाव घेऊन. आता इथंच राहते. भाऊ-वहिनीनं सांभाळून घेतलं, गावानंही फार वाईट वागवलं नाही. अडतंय बोलण्यात.

माझी माय, म्हणजे तिची आजी, ऐंशीच्या पुढची आहे. रोज सकाळी विचारते, “काऊन रे, जेवला का तू?” पोरगी म्हणते, “जेवली मी, आजी.” त्या ‘जेवली’वर जोर देते. माय लगेच पुढं, “मंग कुठं चालला?” पोरीचा चेहरा उतरतो आणि ती ताट घेऊन आत जाते. उलट कापूस वेचायला माझ्यासंगं वावरात आली, तर बाया पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “ओटी नीट बांध वं.” बाईला म्हणतात ते ‘वं’ त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

भाऊ म्हणतो, ‘आलं, गेलं’ म्हणू, म्हणजे कुणालाच लागणार नाही. मला ते पटत नाही. वासराला म्हणतो तसं वाटतं. घरात बोलावं कसं?

यवतमाळची मी:
ताई, मी स्वतः पारलिंगी बाई आहे, म्हणजे जन्मल्यावर मला मुलगा ठरवलं होतं. ‘आलं’ नकोच.

आपल्या मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ला लिंग नाही. ते क्रियापदात येतं, आणि तिथंही दर वेळी येत नाही. ‘जेवला का’ म्हटलं की आलंच. पण ‘जेवण केलं का’ यात येत नाही, कारण ‘केलं’ हे जेवणाशी जुळतं, माणसाशी नाही. ‘चहा घेतला का’, ‘भाकर खाल्ली का’, ‘उद्या बाजारात जाशील का’, ‘तुले भूक लागली का’, ‘बस इथं’... यातल्या एकाही वाक्यानं तुमची भाची मुलगा ठरत नाही. माझ्या बाबांनी सुरुवातीचे दिवस असेच काढले. ‘रे’ तेवढं सोडलं. तेवढ्यानंही मला घर आपलं वाटू लागलं.

पण ही सवलत फक्त आजीला. तुम्ही तिघांनी सरळ ‘आली, गेली, बसली’ म्हणा, आणि ती घरात नसतानाही म्हणा. पाठीमागं ‘तो’ म्हणणारी जीभ समोर अडखळतेच.

कुठं कुणी नियम दाखवला तर सांगा, १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यात ओळखीच्या दाखल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायची सोय आली.

धारणीचा मास्तर:
माझ्या वर्गात कोरकू आदिवासी पोरं आहेत. कोरकूत भेद सजीव-निर्जीव असा आहे, बाई-पुरुष असा नाही. म्हणून पोरं मराठी बोलताना “ताई आला” म्हणतात. त्यावर जे हसू होतं, ते व्याकरणाला कमी आणि त्यांच्या जमातीला जास्त असतं, हे मी रोज पाहतो. पोरं मग वर्गात तोंडच उघडत नाहीत. गडचिरोलीकडच्या गोंडीत एकवचनात पुरुष एकीकडे, आणि बाया, जनावरं, वस्तू सगळ्या दुसरीकडे. आपल्याच विदर्भात इतके निराळे हिशेब आहेत. ‘भाषेत असंच असतं’ असं कुणी भाचीला ऐकवलं, तर मान्य करू नका.

एक वाचक:
पण आजीचं वय पाहा. तिला आता कशाला बदलायला लावता?

दर्यापूरकडची आत्या:
माय महानुभाव पंथाच्या घरातली आहे. पंथाचं तीर्थ रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यातलं. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य, त्यांनी शिष्य केशोबासांना संस्कृतात लिहू नका म्हटलं, ते म्हाताऱ्या बायांचं नुकसान होईल म्हणून. हे ती लहानपणापासून ऐकत आली. म्हाताऱ्या बायांसाठी तेव्हा एवढा विचार झाला, मग आमच्या म्हातारीला एवढं समजणारच नाही असं मी धरून चालत नाही. तिच्याशी काल मी बोलली. ती म्हणाली, “तोंडात बसलं नाही अजून.” नाही म्हणाली नाही.

‘जेवण केलं का’ आजपासूनच सुरू करते, आणि भावाचं ‘आलं’ बंद. यवतमाळच्या ताई, दाखल्याला आधी आधारवरचं नाव बदलून घ्यावं लागलं का तुम्हाला? सोयाबीन विकलं की अमरावतीला जायचं म्हणतो आम्ही.