श्वासतपासणीला नकार आणि दुचाकीस्वाराचे हक्क

मद्यपान करून गाडी चालवल्याच्या संशयावरून पोलिसांनी अडवल्यास श्वासतपासणीला सरळ नकार द्यावा, म्हणजे पुरावाच उरत नाही, असा एक सल्ला दिला जातो. तो मला अत्यंत घातक वाटतो. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय नकार देणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे, अमेरिकेतील बहुतेक राज्यांत त्यामुळे परवाना निलंबित होतो, आणि भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ नुसार असा नकार खटल्यात आरोपीविरुद्ध वापरता येतो.

दुचाकीस्वाराने हक्क बजावायचा तो दुसरीकडे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने मद्यधुंद मोटरसायकलस्वार ओळखण्याच्या ज्या खुणा पोलिसांना सांगितल्या आहेत, त्यांत वळणावर गाडी बाहेर सरकणे, थांबल्यावर तोल जाणे आणि गाडीवरून उतरताना अडखळणे यांचा समावेश आहे. मात्र पसरलेली खडी, आडवा वारा, मागे बसलेल्याचे वजन किंवा लांबच्या प्रवासाने आखडलेला गुडघा यांमुळेही नेमके हेच घडते. म्हणून असे कारण असेल तर ते तिथल्या तिथे शांतपणे सांगावे आणि नोंदवून घ्यायला लावावे. तोल तपासण्यासाठी पोलिसांनी सरळ रेषेवर चालायला सांगितल्यास पायात जड, टाचेचे बूट आहेत हेही सांगावे.

नुकताच मद्यार्कयुक्त माउथवॉश वापरला असेल, तर तोंडातील अंशामुळे आकडा फुगू शकतो; अशा वेळी पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती रास्त ठरते. चाचणीची वेळ दाखवणारी छापील पावती मात्र आवर्जून मागावी.