रामोजी रावांनी खेड्याला टीव्ही दिला की खेड्यावर धंदा केला?

कपाशीवाला, यवतमाळ
जून २०२४ मध्ये ई टीव्ही काढणारे रामोजी राव गेले, तेव्हा जो तो त्यांच्या हैदराबादच्या फिल्म सिटीबद्दलच बोलत होता. आमच्या घरात त्यांची आठवण वेगळी आहे. २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झालं, त्यावर शेतीचा ‘अन्नदाता’ कार्यक्रम लागायचा. बाबा पेन घेऊन समोर बसत. किडीवर फवारायला ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून १०० लिटर पाण्यात मिसळायची, असं त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं अजून जपून ठेवलंय. ५ च्या आकड्याला दोनदा गोल केलाय.

कृष्णा जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेला माणूस. १९६९ मध्ये तेलुगूत ‘अन्नदाता’ मासिक काढलं, १९७४ मध्ये विशाखापट्टणमहून ‘ईनाडू’ हे दैनिक, पुढे जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी पानं, १९९५ मध्ये तेलुगू ई टीव्ही. जिल्ह्याची बातमी ही उरलेल्या जागेत कोंबायची नसते, तिच्या जोरावर पेपर आणि वाहिनी दोन्ही चालतात, हे त्यांनी फार आधी ओळखलं. खासगी टीव्हीत खेड्यासाठी त्यांच्याएवढं कोणी केलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

वर्धाकाठ
दादा, बाबांची वही-पेन डोळ्यासमोर आली, पण मत पटत नाही. १९८२ मध्ये सिनेनट एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष काढला आणि नऊ महिन्यांत आंध्रचे मुख्यमंत्री झाले. ईनाडू त्यांच्या पाठीशी उभा होता. १९९५ च्या ऑगस्टमध्ये जावई चंद्राबाबू नायडूंनी त्यांच्याविरुद्ध बंड केलं, तेव्हा तोच पेपर जावयाच्या बाजूला. ई टीव्ही सुरू झाला तोही त्याच महिन्यात. पेपर एकाचा, वाहिनी त्याचीच, आणि सरकार कोणाचं यावरही त्याचंच वजन. मग खेड्यातल्या माणसाला दुसरी बाजू कळायची कुठून?

जुना बातमीदार
मी तालुक्याचं काम केलंय. कोणत्या वाहिनीसाठी ते सांगत नाही, ही ई टीव्हीची गोष्ट नाही. पैसे बातमीमागे मिळायचे, लागली तर. कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नागपूरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची आणि तिकडे फोन करायचा.

पंधरा दिवस एका गावच्या पाण्याची बातमी पाठवत होतो, लागली नाही. त्याच गावात एका शेतकऱ्याने औषध घेतलं, तर तासाभरात फोन, बाईचा रडतानाचा शॉट हवा म्हणून. ती बाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी कॅमेरा काढला नाही. ते काम तिथेच सुटलं.

जिल्ह्याची बातमी विकली जाते हे रामोजींनी दाखवलं, मान्य. पण विकली जाते म्हटल्यावर पुढच्यांनी तिच्यात काय काय विकलं, तेही बघा.

चिमूरचा पोऱ्या
भाऊ, दुबगुंटा इसरले काय? १९९२ मधे नेल्लोर जिल्ह्यातल्या त्या गावच्या बायाईनं दारूचं दुकान बंद पाडलं. ईनाडूनं ते लावून धरलं, गावोगाव पोचवलं. १९९५ मधे आंध्रात दारूबंदी झाली. आमच्या इथून बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या, माही मायबी होती त्याच्यात. तरी चंद्रपुरात बंदी याले २०१५ उजाडलं, अन् २०२१ मधे ते उठलीबी. मायच्या मांगं असा एखादा पेपर रोज उभा रायला असता तं?

वर्धाकाठ
आईला नमस्कार. पण आंध्रातली बंदी १९९७ मध्ये चंद्राबाबूंनीच सैल केली, हेही लक्षात घे. आणि आमच्या वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, तेव्हा गावात टीव्ही कोणाकडे होता?

कपाशीवाला, यवतमाळ
राजकारणाचं मान्य करतो, तिथे त्यांची बाजू घेणार नाही. बातमीदार काका, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

पण मी ‘अन्नदाता’ला धरून आहे. मराठी वाहिनी पुढे नेटवर्क १८ या कंपनीकडे गेली, २०१५ मध्ये तिचं कलर्स मराठी झालं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आमची अर्धी कपाशी खाल्ली, तेव्हा बाबा सल्ला विचारायला गेले ते कृषी केंद्राच्या, म्हणजे खता-औषधांच्या दुकानाच्या, काउंटरवर. तिथून तीन बाटल्या घेऊन आले. निंबोळीचं नाव कोणी काढलं नाही.