रात्रीच्या मासेमारीसाठी संकटसूचक दिवा कोणता घ्यावा?

प्रश्न (जुळे सोलापूर)
माझे मेहुणे देवगडला लहान होडीने रात्री मासेमारीला जातात. मागे इंजिन बंद पडले तेव्हा त्यांनी हातात धरायचा लाल फ्लेअर (संकटात पेटवायचे प्रखर ज्योतीचे नळकांडे) पेटवला; त्यातून गळलेल्या तप्त थेंबाने मनगट भाजले आणि डिझेलचा कॅन तर पायाशीच होता. आता फ्लेअर बंद करून त्यांना बॅटरीवरचा दिवाच द्यावा का?

उत्तर (होटगी रस्ता)
मी अनेक वर्षे व्यापारी जहाजावर होतो. दिवा अवश्य द्या, पण फ्लेअर बंद करू नका. हातातला लाल फ्लेअर नियमाप्रमाणे किमान 15,000 कॅन्डेलाचा (कॅन्डेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) असतो, मात्र तो जेमतेम मिनिटभर जळतो. पॅराशूट रॉकेट, म्हणजे आकाशात उडवायचा फ्लेअर, 300 मीटर उंच जाऊन किमान 40 सेकंद पेटते. बॅटरीचा दिवा त्यामानाने मंद असला तरी तासन्तास चालतो आणि त्याने कोणी भाजत नाही. म्हणून दिवा आधी सुरू करावा, आणि एखादे जहाज किंवा हेलिकॉप्टर दिसले की मगच फ्लेअर पेटवावा. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूने तो होडीबाहेर तिरका धरावा, म्हणजे गळणारा रस पाण्यात पडतो.

दिवा एसओएस हा संकटाचा संकेत लुकलुकणारा, म्हणजे तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड अशी उघडझाप करणारा आणि पाण्यावर तरंगणारा हवा. नुसता लुकलुकणारा पांढरा दिवा दुरून जाळ्याच्या खुणेचा वाटतो आणि जहाज वळसा घालून निघून जाते. हिरवा लेझर मुळीच नको, वैमानिकाचे डोळे दिपतात.

उत्तर (करमाळा)
21 मे 2024 रोजी उजनीत कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तेव्हापासून मला वाटते, पिशवीतल्या दिव्यापेक्षा अंगावरचा दिवा आधी घ्यावा. लाइफ जॅकेटला लावायचा, पाण्यात पडताच आपोआप पेटणारा दिवा मिळतो. प्रमाणित दिवा आठ तास चालतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. जॅकेटचे दिवे होडीवरच्या चौघांनाही घेतो. फ्लेअरही इथूनच नेऊ का?

उत्तर (होटगी रस्ता)
नको, एसटीत किंवा रेल्वेत स्फोटक वस्तू नेता येत नाही. ते त्यांनी बंदरावरच घ्यावेत आणि नळीवर छापलेली मुदत पाहावी. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांकही होडीत ठळक लिहून ठेवायला सांगा.