मिनिटाला तीन बार? असईचं हे गणित एकदा तपासू या

दफ्तरबंद
काल दुसऱ्या धाग्यात एकाने ठोकून दिलं: "असईला मराठे हरले कारण त्यांच्याकडे तोड्याच्या बंदुका होत्या. गोरा शिपाई चकमकीच्या बंदुकीने मिनिटाला तीन बार काढायचा. विषय संपला." खाली टाळ्याच टाळ्या. उत्तर तिथे मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

२३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या पोलमनचे कंपू, म्हणजे कवायती पायदळाच्या तुकड्या, उभे होते, त्यांच्याही हातात चकमकीच्याच बंदुका (जळत्या वातीच्या, तोड्याच्या नव्हेत; दगडाच्या ठिणगीने पेटणाऱ्या) होत्या आणि त्यांना संगिनी होत्या. शिंद्यांची कवायती फौज उभी करणाऱ्या द बॉइनच्या काळापासून आग्र्याचे कारखाने याच कामाला जुंपलेले. कवाईतही युरोपी धर्तीची. तेव्हा हत्यारातल्या फरकाची कथा विसरा.

आता ते 'मिनिटाला तीन'. काडतूस दाताने फाडायचं, चिमूटभर दारू पेल्यात रंजक म्हणून टाकायची, झडप बंद करायची, बंदूक उभी करून उरलेली दारू नळीत ओतायची, मागोमाग कागदासकट गोळी, गज उपसून ठासायचं, गज परत खोबणीत, घोडा (चकमक धरणारा खटका) पूर्ण मागे, दस्ता खांद्याला. वीस सेकंदांत होतं हे, पण शेजारचा माणूस कोसळत नसेल तर. रणात निम्मी दारू मातीत सांडते. शिपाई गज नळीतच विसरतो आणि चाप ओढतो. गज गेला शत्रूकडे, उरला संगिनीचा दांडा. कधी रंजक पेटतं पण आतली दारू पेटत नाही, गोंगाटात ते त्याला कळत नाही आणि तो वर दुसरं काडतूस ठासतो. पुढचा बार लागला तर नळी फाटायची धास्ती. संगीन चढवलेली असेल तर ठासताना बोटं सोलून निघतात ती वेगळीच, संगिनीची मान वाकडी करून पातं बाजूला ठेवलेलं असलं तरी.

७८ व्या हायलँडर्सनी, म्हणजे वेलस्लीच्या ब्रिटिश फौजेतल्या एका पलटणीने, असईला काय केलं? पन्नास-साठ यार्डांवर थांबून एक फैर झाडली आणि संगिनी घेऊन तोफांवर गेले. एक फैर. तीन नाहीत.

ठासणीवाला
आवेश छान आहे. पण 'हत्यारातल्या फरकाची कथा विसरा' हे कशाच्या जोरावर? द बॉइनच्या रचनेत नजीब पलटणी होत्याच की, आणि त्या तोड्याच्या बंदुकांवर. संगीन लावलेल्या, पण तोड्याच्याच. एका थापेला दुसऱ्या थापेने उत्तर देऊ नका.

आणि ती 'एकच फैर' तुम्ही माझ्याच बाजूने सांगताय. ती निवांत भरलेली असते. नळी स्वच्छ, चकमक नवी, दारू मापात, गोळी नीट बसलेली. कॅनडातल्या क्वेबेकला १७५९ मध्ये ब्रिटिश सेनापती वुल्फच्या रांगांनी दोन-दोन गोळ्या भरून चाळीस यार्डांपर्यंत दम धरला आणि फ्रेंच रांग तिथेच फुटली. संगीन मग पळणाऱ्यांच्या पाठीला. म्हणजे लढाई कोणी मारली? बंदुकीने.

दफ्तरबंद
नजीबांचं मान्य. टाका खिशात, जपून ठेवा.

पण तुम्ही फैरीचा दर्जा सांगताय आणि मी फैरींचा वेग नाकारतोय. ही दोन भांडणं एका दावणीला बांधू नका.

हिशोब करा. डंडसच्या, म्हणजे ब्रिटिश पायदळाच्या नियमातल्या, कवाईतीत साधी चाल मिनिटाला ७५ पावलं, जलद चाल १०८, पाऊल ३० इंचांचं. म्हणजे जलद चालीने मिनिटाला ९० यार्ड. शेवटचे दीडशे यार्ड कापायला एक मिनिट चाळीस सेकंद. समोर छर्र्यांचे डबे भरलेल्या तोफा, दर मिनिटाला दोन-तीन वेळा पेटणाऱ्या. दर पन्नास यार्डांवर थांबून फैर झाडायची आणि पुन्हा भरायचं म्हटलं तर त्या छर्र्यांत तुम्ही जवळजवळ दुप्पट वेळ उभे. वेलस्लीच्या स्वतःच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज पडल्यावर त्याने त्या तोफा तिथेच सोडल्या आणि पायदळाला पुढे काढलं. तिथे वाचवलं ते चालत राहण्याने.

ठासणीवाला
वेलस्लीची ७४ वी पलटण पण चालतच राहिली होती, राव. असई गावाच्या तोंडाशी जाऊन छर्र्यांत कापली गेली. क्वार्टरमास्टर सोडला तर एकूण एक अधिकारी ठार किंवा जखमी. चालत राहण्याचा महिमा त्यांना सांगा.

दफ्तरबंद
ते चुकीच्या दिशेला चालले! पुढच्या पिकेटांचा (आघाडीच्या पहाऱ्याच्या तुकड्यांचा) अधिकारी ऑरॉक उजवीकडे घसरत गेला, मागून ७४ वी. मग शिंद्यांच्या घोडदळाचा हल्ला, मेलेल्यांच्या ढिगाआड कसाबसा चौकोन, आणि मॅक्सवेलचे १९ वे लाइट ड्रॅगून्स, ब्रिटिश घोडदळ, पोचले म्हणून उरलेले जगले. यात बंदुकीचा दोष कुठे आहे?

ठासणीवाला
दोष नाही, तेच सांगतोय. चालण्याचं श्रेयही नाही.

कोरडी_दारू
दोघेही गजावर आणि पावलांवर अडकलात. बार निघत नाही तो मुख्यतः चकमकीमुळे. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलिचला चकमकीच्या आणि टोपीच्या (ठोक्याने पेटणारी टोपी लावायच्या, नव्या) बंदुकांतून सगळ्या हवामानांत हजारो बार काढून पाहिले, तेव्हा टोपीच्या एका फुसक्या बारामागे चकमकीचे जवळजवळ सव्वीस निघाले.

कारणं साधी असतात. चकमकीची धार पोलादी झडपेवर सपाट, अख्ख्या रुंदीने पडायला हवी. तिरकी बसली तर एकाच कोपऱ्याने खरवडते, ठिणग्या निम्म्या, आणि धार लगेच तुटते. घोडा अर्धा चढवलेला असताना धार झडपेला टेकता कामा नये, थोडी फट हवी. फार पुढे बसवली तर झडप नीट मिटतच नाही, वाऱ्याने रंजक उडतं. फार मागे बसवली तर फटका ओसरल्यावर टेकते. पेल्यात रंजक काठोकाठ भरणारे महाभाग असतात, त्यांचा काना (पेल्यातून नळीत आग नेणारं भोक) दारूने बुजतो आणि आग आत जायला उशीर लागतो. म्हणून पट्ट्याला तारेची टोचणी आणि ब्रश लटकवलेला असायचा. एक चकमक वीस-तीस बार टिकते. साठ काडतुसांना तीन चकमकी द्यायचे ते उगीच नाही.

आणि घोड्याच्या जबड्यात चकमक शिशाच्या पत्र्यात धरायची. चामडं नको.

मंजिष्ठा
चामडं का नको? शिसं प्रत्येक फटक्याला चेपतं, दहा-बारा बारांनी चकमक सैल होते आणि स्क्रू पुन्हा आवळावा लागतो. चामडं धक्का गिळतं, त्यामुळे धार जास्त टिकते.

कोरडी_दारू
चामडं उष्णतेने वाळतं, आक्रसतं, आणि कडेला धुमसत राहतं. धुमसणारं चामडं घोड्यात आणि तुम्ही पेल्यात दारू ओतताय. शुभेच्छा. शिवाय लष्करी बंदुकीचा घोडा जड, कमान जोरकस. त्याला शिशाचं वजन मानवतं. ब्रिटिश छावण्यांच्या उत्खननात शिशाचे घडी केलेले पत्रे सापडतात ते काय कोणी दागिने म्हणून घालत होतं?

मंजिष्ठा
सापडतात कारण शिसं मातीत टिकतं आणि चामडं कुजतं! पुराव्याचं हे टोक तुम्हाला दिसलं नाही, कमाल आहे.

कोरडी_दारू
...हा मुद्दा वाईट नाही. पण सैल झालेलं शिसं आवळायला अर्धं मिनिट लागतं, धुमसणाऱ्या चामड्याने तोंड भाजलं तर महिना.

मंजिष्ठा
पेल्यावर चेहरा घेऊन ओतता का तुम्ही? आणि जाता जाता, वरच्या धाग्यातले लोक 'गारगोटीची बंदूक' लिहितात ते आधी थांबवा. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. चकमक वेगळी. सफोकमधल्या ब्रँडनची काळी चकमक तासून पट्ट्या काढतात आणि पट्ट्यांचे तुकडे पाडतात. ओढ्यातला पांढरा गोटा उचलून घोड्यात बसवला तर झडप खरवडेल, धार पहिल्या पाच बारांत भुगा.

सातमाळ्याचा_वारा
शिसं-चामड्याची चकमक जोरात उडालीय, पण माझं दुखणं वेगळं. सगळे 'गोरे', 'इंग्रज' म्हणताय. ७४ वी आणि ७८ वी दोन्ही स्कॉटिश. ७८ वी तर १७९३ मध्ये सीफोर्थच्या मॅकेंझीने उभी केलेली. आणि त्या दिवशीच्या वेलस्लीच्या पायदळात बहुसंख्य मद्रासी शिपाई होते. त्यांच्याही हातात तीच बंदूक, तीच कवाईत. तुमच्या गणितात ते कुठेच नाहीत.

ठासणीवाला
यात नवीन काय? पण बंदुकीचं निघालंच आहे तर ऐका. ३९ इंच नळीची 'इंडिया पॅटर्न' मूळ कंपनीसाठी बनलेली. १७९० च्या दशकात फ्रान्सशी युद्ध पेटलं, ब्रिटिश सरकारच्या शस्त्रखात्याकडे, ऑर्डनन्स बोर्डाकडे, बंदुका पुरेनात, तेव्हा त्यांनी कंपनीचा माल उचलला आणि १७९७ ला तोच नमुना स्वीकारला. आधीची नळी ४२ इंच होती. स्वस्त, साधी, लवकर बनणारी म्हणून. ब्रिटिश फौज नेपोलियनशी लढली ती हिंदुस्थानसाठी बेतलेल्या बंदुकीने.

दफ्तरबंद
उत्तम माहिती, आणि ती माझ्याच मुद्द्याला लागू. नळीचं भोक पाऊण इंच, गोळी ०.६९ च्या आसपास. एवढी दीड मिलिमीटरची ढिलाई कशाला? काजळीने नळी भरली तरी गोळी आत जावी म्हणून. म्हणजे बनवणाऱ्यांनाच ठाऊक होतं की पंधरा-वीस बारांनंतर ठासणं जड होणार. त्या ढिलाईमुळे गोळी नळीत आपटत बाहेर पडते. मागची माशी नाही, पुढे संगिनीची खुंटी तेवढी माशीसारखी. इंग्रजी हुकूमसुद्धा 'नेम धरा' असा नव्हता, 'रोखा' एवढाच.

आणि साठ काडतुसं मिनिटाला तीन या दराने वीस मिनिटांत संपतात. लढाई तेवढ्यात आटोपली होती का?

ठासणीवाला
सतत तीन कोण म्हणतं? मी म्हणतो, लागेल तेव्हा तीन काढता येणं. ७८ वी पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठ्यांचे गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा केला. तेव्हा वेलस्लीला परत फिरून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. भरलेली बंदूक हातात असण्याची किंमत तिथे कळते. न भरता पुढे धावलेल्यांच्या हातात उरते ती तुमची लाडकी संगीन.

दफ्तरबंद
ते गोलंदाज तोफेशी चिकटून मेले, हे आपल्यात कोणी एका ओळीतही म्हटलं नव्हतं. बरं झालं तुम्ही म्हणालात. बाकी, त्या तोफा परत घेतल्या त्या चालून जाऊनच.

सातमाळ्याचा_वारा
म्हणजे ठरलं काय? मिनिटाला किती?

ठासणीवाला
रणात, पहिल्या पाच मिनिटांत, दोन. त्याखाली मी येणार नाही.

दफ्तरबंद
दीड.

कोरडी_दारू
दोन, शिसं असेल तर.

मंजिष्ठा
पावणेदोन, आणि चामडं.