मदत हवी आहे: मोबाइलवर पान पहिल्यांदा उघडताना बराच वेळ कोरंच दिसतं

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ मी सांभाळतो. पुस्तकांची यादी, नवे दिवाळी अंक, उघडण्याच्या वेळा, एवढंच त्यात आहे. वाचनालयातल्या संगणकावर ते पटकन उघडतं, पण सभासदांच्या मोबाइल डेटावर पान कितीतरी वेळ पांढरंफटक राहतं. बरेच सभासद वयस्कर आहेत. साइट बंद पडली असं समजून ते मागे फिरतात, याचं फार वाईट वाटतं.

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (पान तपासायच्या साधनांत) कॅश, म्हणजे आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा, बंद करून, नेटचा वेग 'स्लो फोरजी'वर ठेवून पाहिलं. सर्व्हरचं पहिलं उत्तर अर्ध्या सेकंदात येतं, टॅबवर वाचनालयाचं नावही लगेच उमटतं. पान मात्र कोरंच. मग चौकटी आणि चित्रं दिसतात, अक्षरं सगळ्यात शेवटी. चित्रं हलकी करून फरक पडला नाही. हेडमध्ये (पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या भागात) दोनच गोष्टी आहेत: भेटी मोजणाऱ्या काउंटरची बाहेरची स्क्रिप्ट, आणि पानाचं रूप ठरवणारी स्टाइल फाइल, जिच्यात गूगल फॉन्ट्सवरचा 'मुक्ता' हा फॉन्ट इम्पोर्ट केलाय, म्हणजे तिथून ओढून घेतलाय. नेमकं अडवतंय कोण, हे कसं शोधायचं?

प्रतिसाद १

टॅबवर नाव दिसतंय म्हणजे एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) येऊ लागलंय, तेव्हा सर्व्हरचा नाद सोडा. तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी आहेत.

कोऱ्या पानाची आधी बघू. हेडमधली स्टाइल फाइल पुरती हाती येईपर्यंत ब्राउझर काहीच रंगवत नाही. त्यात इम्पोर्ट असला की तुमची फाइल उतरवून वाचल्यावरच त्याला कळतं की आणखी एक फाइल दुसऱ्या सर्व्हरवरून आणायची आहे. साधी स्क्रिप्टही तशीच: ती येऊन चालेपर्यंत पुढचं एचटीएमएल वाचणं थांबतं. दोषी ओळखायला डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये एका विनंतीवर राइट-क्लिक करून ती ब्लॉक करा आणि पान पुन्हा उघडा. एका वेळी एकच. कोरा वेळ घटला की सापडलं.

अक्षरं उशिरा येतात ते फॉन्टमुळे. फॉन्ट येईपर्यंत क्रोम आणि फायरफॉक्स मजकूर साधारण 3 सेकंद लपवून ठेवतात. स्टाइलमधलं फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप' केलंत की फोनमधल्या अक्षरांत मजकूर लगेच दिसेल. दुसऱ्या साइटवर उतरलेला मुक्ता तुम्हाला आयता मिळेल ही आशा मात्र नको. क्रोम 2020 पासून प्रत्येक साइटची कॅश वेगळी ठेवतं.

धागाकर्ता

मनापासून आभार! काउंटर ब्लॉक करताच कोरा वेळ निम्म्याहून कमी झाला. त्याला 'डिफर' लावलं (म्हणजे ती स्क्रिप्ट पान वाचून झाल्यावरच चालते), इम्पोर्ट काढून टाकला, 'स्वॅप'ही केलं. आता फॉन्ट आमच्याच सर्व्हरवर ठेवायचा विचार आहे, पण पूर्ण फाइल जड आहे. नको ती अक्षरं कापली तर जोडाक्षरं मोडतील का?

प्रतिसाद २

हाताने कापाल तर मोडतील. फॉन्टटूल्स या फॉन्टवर काम करणाऱ्या साधनसंचातलं, नको ती अक्षरं कापणारं 'पायएफटी-सबसेट' वापरा आणि फाइल वॉफ-२ या वेबसाठीच्या आटोपशीर फॉन्ट-स्वरूपात काढा. त्याला युनिकोडची 0900 ते 097एफ ही देवनागरीची पट्टी दिलीत की जोडाक्षरांचे आकार आणि नियम ते स्वतःच राखतं. सोबत साधी विरामचिन्हं आणि 200डी हा जोडणारा अदृश्य वर्णही ठेवा. जुन्या नोंदींत 'सुर्‍या', 'दर्‍या' असे शब्द त्याच्या आधाराने टंकलेले असतात. फाइल चढवण्याआधी पुस्तकांची पूर्ण यादी नव्या फॉन्टमध्ये एकदा डोळ्यांखालून घाला.